वळिवडे निर्वासित छावणी

वळिवडे निर्वासित छावणी : दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश नागरिकांसाठी कोल्हापूर संस्थानात उभारलेली वसाहत. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील वळिवडे गावाजवळ ती १९४३ ते १९४८ या काळात होती. तेथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले. त्यांत स्त्रिया व मुलांचे प्रमाण सर्वाधिक होते. निर्वासितांना जागा कोणी द्यायची, खर्च कोणी सोसायचा आणि कायमचे नागरिक म्हणून कोणी स्वीकारायचे, हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत. वळिवड्यात या तिन्हींची उत्तरे तीन वेगवेगळ्या पक्षांनी दिली. श्रीमंत राष्ट्रांच्या जबाबदारीच्या चर्चेत या छावणीचा इतिहास म्हणूनच उपयोगी पडतो.

पार्श्वभूमी : १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएट सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले. १९४० व १९४१ मध्ये तेथील लाखो रहिवाशांना सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियातील श्रमवसाहतींत हलवण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएट संघावर स्वारी केल्यावर परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएट कराराने या लोकांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य व त्याच्याबरोबरचे नागरिक मिळून एक लाखाहून अधिक लोक इराणमध्ये पोहोचले. सैनिक पुढे आघाडीवर गेले. त्यांच्या कुटुंबांचे काय करायचे, हा प्रश्न मागे राहिला.

त्यांची पांगापांग अनेक खंडांत झाली. मोठा हिस्सा पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींत गेला. न्यूझीलंडने १९४४ मध्ये पाहियातुआ येथे सातशेहून अधिक मुलांना घेतले. अमेरिकेने पैशाची मदत केली, पण वस्ती मात्र मेक्सिकोतील सांता रोसा येथे झाली. भारतात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. मोठ्या कुटुंबवस्तीसाठी कोल्हापूरची निवड झाली.

छावणीतील जीवन : लांबलचक बैठ्या चाळींत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या मिळाल्या. छावणीत शाळा, दवाखाना, चर्च आणि नाट्यगृह होते. शिक्षण पोलिश भाषेतून चाले; स्काउट पथके व वाचनालये यांमुळे मुलांचा मायबोलीशी संबंध टिकला. क्षयरुग्णांना पाचगणीला पाठवले जाई. छावणीचा दैनंदिन कारभार पोलिश लोकांकडेच होता. आसपासच्या गावकऱ्यांशी भाजीपाला, दूध व किराणा यांचा व्यवहार होत असल्याने वस्ती परिसरापासून तुटलेली नव्हती. बालाचडीची वसाहत बंद झाल्यावर तेथील मुलांनाही १९४६ मध्ये येथे आणण्यात आले.

खर्च व शेवट : छावणीचा खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकार ब्रिटनकडून मिळालेल्या कर्जातून करीत असे. जमीन कोल्हापूरची आणि पैसा लंडनचा, अशी ही वाटणी होती. याल्टा परिषदेनंतर पूर्व पोलंड सोव्हिएट संघात गेला, म्हणजे बहुसंख्य रहिवाशांची गावेच परदेशात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील सरकारची मान्यता काढून घेतली. त्यानंतर छावणीची जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतयंत्रणेकडे आली. काही जण पोलंडला परतले. इतरांना ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांनी सामावून घेतले. ब्रिटनने त्यासाठी १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला. युद्धात पोलिश सैनिक ब्रिटनच्या बाजूने लढले होते, हे त्यामागचे मोठे कारण होते.

रिकाम्या झालेल्या चाळींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. तीच वस्ती आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते आणि कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश रहिवाशांचे स्मारक आहे.

श्रीमंत राष्ट्रांची जबाबदारी : १९५१ चा निर्वासितविषयक करार जीवाला धोका असलेल्या ठिकाणी निर्वासिताला परत पाठवण्यास मनाई करतो, परंतु दूरच्या देशाने किती लोक घ्यावेत, हे तो ठरवत नाही. भारत या कराराचा सदस्य नाही. जगातील सुमारे ७० टक्के निर्वासित आज अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, कारण माणसे आधी शेजारच्या देशात पोहोचतात. पुनर्वसन योजनेतून तिसऱ्या देशात जाण्याची संधी दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी जणांना मिळते.

श्रीमंत देशांनी अधिक निर्वासित घ्यावेत, असे म्हणणारे त्यांची आर्थिक ताकद, घटते मनुष्यबळ आणि अनेक युद्धांतील त्यांचा सहभाग पुढे करतात. विरोधक घरांची टंचाई, सार्वजनिक सेवांवरील ताण व मतदारांचा रोष दाखवतात. निर्वासितांना मायदेशाजवळ ठेवून पैसा पाठवणे त्यांना अधिक परिणामकारक वाटते. मार्च २०१६ चा युरोपीय संघ व तुर्कस्तान यांच्यातील समझोता याच विचारावर उभा होता.

वळिवड्याचा अनुभव दोन्ही बाजूंना काही अंशी आधार देतो. शेजारचा नसलेला, गरीब प्रदेशही बाहेरून पैसा मिळाल्यास हजारोंना सुस्थितीत ठेवू शकतो, हे त्यातून दिसते. मात्र परतीची वाट बंद झाल्यावर छावणी पुरेशी ठरली नाही. पैशाने पाच वर्षे निभावली. नागरिकत्व, नोकरी आणि पुढच्या पिढीचे भवितव्य यांसाठी कायमचा स्वीकार करणारे देश लागले. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेला निर्वासितविषयक जागतिक करारनामा आश्रयदात्या देशांना मदत आणि तिसऱ्या देशात पुनर्वसन या दोन्हींचा पुरस्कार करतो. त्याचे पालन मात्र प्रत्येक राष्ट्राच्या इच्छेवर सोपवलेले आहे.