संधानपात्र : मान, द्रव्य आणि आकार

आपल्याकडील मद्यविषयक इतिहासलेखन बहुधा पेयांची नावे आणि निषेधाची वचने यांपाशीच थांबते. ते पेय ज्या भांड्यात आंबत असे, त्या भांड्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः प्राचीन पाठांचा अर्थ लावताना भांड्याचा विचार निर्णायक ठरू शकतो, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

प्रथम 'द्रोण' हा शब्द घेऊ. 'द्रु' म्हणजे लाकूड. त्यावरून द्रोण म्हणजे लाकडी पात्र. सोमयागातील द्रोणकलश लाकडाचाच असे. पुढे हे पात्रनाम मापाचे नाव झाले, आणि मराठीत तर ते पळसाच्या पानांच्या खोलगट वाटीला चिकटले. नाव टिकले, द्रव्य व आकार पालटले. 'कुंभ' या शब्दाची गतीही काहीशी अशीच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात वीस द्रोणांचा एक कुंभ सांगितला आहे. त्याच ग्रंथाच्या सुराध्यक्षप्रकरणात मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण येते. आजचा 'किण्वन' हा पारिभाषिक शब्द याच 'किण्वा'वरून घडविलेला आहे. मद्यनिर्मितीवर राज्याचे नियंत्रण असले, तरी विशेष प्रसंगी कुटुंबांना घरी सुरा करण्याची मुभा तेथे दिलेली आढळते.

आता शार्ङ्गधरसंहितेकडे वळू. अरिष्टाचे प्रमाण सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशांश प्रक्षेप घ्यावा, असा तेथे नियम आहे. पल ४८ ग्रॅमचे धरल्यास द्रोण सुमारे १२.३ किलो, तुळा ४.८ किलो आणि मध २.४ किलो होतो. म्हणजे दर लिटर द्रवामागे गूळ व मध मिळून सुमारे ५८५ ग्रॅम. इतक्या दाट पाकात किण्वास काम करणे अतिशय कठीण. परंतु द्रवाचे मान दुप्पट घ्यावे, ही वैद्यकातील परिभाषा लावली की हेच प्रमाण २९३ ग्रॅमवर येते, आणि संधान शक्य होते. केवळ व्याकरणाने न सुटणारा प्रश्न येथे रसायनशास्त्राने सुटतो.

यावरून पात्राचा आकारही ठरविता येतो. २४.६ लिटर द्रवात गूळ व मध विरघळल्यावर एकूण सुमारे २९ लिटर होतात. फेसासाठी चौथा हिस्सा रिकामा ठेवावयाचा तर पात्र ४० लिटरांच्या आसपासचे हवे. अर्थात घागर पुरणार नाही, रांजणच हवा.

मातीचे पात्र सच्छिद्र असते, म्हणून त्यास आतून तूप माखण्याची चाल होती. ते धान्यराशीत पुरण्यामागे ऊब टिकविण्याचा हेतू दिसतो. मात्र हाच उपाय मोठ्या पात्रास लागू पडत नाही. पात्राची प्रत्येक बाजू दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट, पण आतील द्रव आठपट होतो. संधानात निर्माण होणारी उष्णता त्या मानाने बाहेर पडत नाही. लहान पात्रास ऊब द्यावी लागते, मोठ्यास थंडावा. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या 'डूलाली'सारख्या लघुमद्यशाळांतील पोलादी टाक्यांना शीतनाची सोय लागते, ती याच कारणाने. (हे नाव देवळालीच्या इंग्रजी सैनिकी अपभ्रंशावरून आलेले आहे, हे भाषाभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.) घरगुती मद्यनिर्मितीस मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून वाव ठेवलेला नाही.

तात्पर्य, प्राचीन प्रमाण केवळ गुणाकाराने वाढविता येत नाही. आकार बदलला की कृतीही बदलते. मापवाचक शब्दांचा अर्थ ठरविताना म्हणूनच कोशाबरोबर भांडेही पुढ्यात ठेवणे अगत्याचे आहे.