वजीर विरुद्ध हत्ती: पुस्तकात सोपा, पटावर अवघड

आजचा भाग बुद्धिबळाचा, आणि त्यातही शेवटाचा. म्हणजे पट जवळजवळ रिकामा झालाय, चार-पाच मोहरे उरलेत आणि घड्याळ पळतंय, ती वेळ.

क्लबमध्ये खेळणाऱ्या पोरांकडून मी एक वाक्य नेहमी ऐकतो: "एंडगेम सगळे पाठ आहेत, पण खेळायला बसलं की काही सुचत नाही." हे ऐकलं की मला सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागलेली एक पैज आठवते. पैजेत एका बाजूला होता ग्रँडमास्टर आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर.

आधी कॉम्प्युटरवाल्याची ओळख. केन थॉम्प्सन, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला संशोधक. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम त्यानं डेनिस रिचीबरोबर उभी केली. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असो की आयफोन, त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं घराणं मागे मागे जात या युनिक्सपर्यंत पोचतं. या माणसाला दुसरा नाद होता बुद्धिबळाचा.

थॉम्प्सननं एक साधा दिसणारा एंडगेम निवडला. एका बाजूला राजा आणि वजीर, दुसऱ्या बाजूला राजा आणि हत्ती. प्यादी नाहीत, बाकी काही नाही. पुस्तकं शेकडो वर्षं सांगत होती की वजीरवाला जिंकतो. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच उस्तादाच्या नावानं त्यातली एक स्थिती आजही शिकवतात. काळा राजा पटाच्या कडेला, हत्ती त्याला चिकटून, आणि खेळी काळ्याची. आता काहीही खेळलं तरी नुकसानच. हत्ती राजापासून लांब गेला की वजीर शहावर शह देत असा कोपरा गाठतो की एकाच चालीत राजाला शह आणि हत्तीवर मारा. हत्ती गेला, डाव संपला.

म्हणून सगळ्यांच्या डोक्यात एक नियम पक्का होता: हत्ती राजाजवळच ठेवायचा. बचाव करणारा तसंच खेळायचा आणि हरायचा. मग वजीरवाल्याला वाटायचं, हे तर सोपं आहे!

थॉम्प्सननं उलटीकडून सुरुवात केली. चार मोहरे चौसष्ट घरांत मांडायचे तर जास्तीत जास्त सुमारे १ कोटी ६७ लाख मांडण्या होतात. माणसाला हे मोजणं अशक्य, पण मशीनला शक्य. मशीननं आधी डाव संपलेल्या स्थिती घेतल्या, म्हणजे मात झालेली किंवा हत्ती मारलेला. मग एक पाऊल मागे: या स्थितीत एका चालीत पोचवणाऱ्या स्थिती कोणत्या? मग आणखी एक पाऊल मागे. असं करत करत प्रत्येक मांडणीचं उत्तर तयार झालं. दोघं अचूक खेळले तर वजीरवाल्याला हत्ती मिळवायला किंवा मात करायला जास्तीत जास्त ३१ चाली लागतात.

इथे ५० चालींचा नियम लक्षात ठेवा. सलग ५० चालींत कुणी मोहरा मारला नाही आणि प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. म्हणजे वजीरवाल्याकडे १९ चालींची सूट आहे. बक्कळ झाली ना?

१९७७ साली थॉम्प्सननं हा बचाव मुरलेल्या खेळाडूंसमोर ठेवला आणि त्यांना जिंकता येईना. मग पैजेला आला वॉल्टर ब्राउन. सिडनीत जन्मलेला, अमेरिकेचा विजेता, पुढे सहा वेळा तो किताब घेतलेला, पोकरचाही पक्का खेळाडू. स्थिती अशी लावली की बरोब्बर ३१ चालींत जिंकता यावी. ब्राउनकडे वजीर, मशीनकडे हत्ती.

४५ चाली झाल्या तेव्हा ब्राउनला कळून चुकलं की पन्नाशीच्या आत हे होत नाही.

असं का झालं? कारण मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं की हत्ती राजाजवळ ठेवायचा. ते खुशाल हत्ती लांब न्यायचं. कधी तिसऱ्या ओळीवर भिंत घालून समोरच्या राजाची वाटच अडवायचं. माणसाला त्या चाली वेड्यासारख्या वाटायच्या. थॉम्प्सनला कारण विचारलं तर तोही सांगू शकायचा नाही. तक्त्यात तीच चाल सगळ्यात चांगली म्हणून नोंदलेली होती, एवढंच त्याचं उत्तर.

माझ्या मते इतिहासाचा खरा धडा इथे आहे. पुस्तकातलं ज्ञान खोटं नव्हतं, वजीरवाला जिंकतोच. पण ते ज्ञान कमजोर प्रतिकारावर तयार झालं होतं. कुणी जीव तोडून, अचूक विरोध केलाच नव्हता, म्हणून "सोपं" हा शिक्का बसला होता.

आता ब्राउननं काय केलं बघा. तो चिडून निघून गेला नाही. घरी बसून त्यानं त्या एंडगेमचा अभ्यास केला, आणि काही आठवड्यांनी परत आला. या वेळी स्थिती वेगळी होती, पण तीही ३१ चालींचीच. घासाघीस चालली आणि ब्राउननं हत्ती मारला तो नेमक्या ५० व्या चालीला! पैज जिंकली. ग्रँडमास्टरलासुद्धा पुस्तक आणि पट यांतलं अंतर बसून, खपूनच कापावं लागलं.

पूर्वी खेळाडूंना हा सराव आणखी एका वाटेनं मिळायचा. लांबलेला डाव संध्याकाळी थांबवायचे, पुढची चाल लिफाफ्यात बंद करायचे आणि रात्रभर सोबत्यांसह त्या एंडगेमचा कीस पाडायचे. कॉम्प्युटर तगडे झाले आणि नव्वदच्या दशकात ही पद्धत मागे पडली. आता शेवट तिथल्या तिथे, उरलेल्या मिनिटांत खेळावा लागतो. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही बरोबरीत. निकाल लागला दुसऱ्या रॅपिड डावात, पंचाहत्तर चालींनंतर. काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली. एवढ्या लांब डावात, घड्याळ डोक्यावर असताना, पुस्तकाचं पान आठवायला वेळ कुठला? हाताला सवय असेल तेच कामी येतं.

आणि ती सवय लावायचं साधन आज तुमच्या खिशात आहे. लीचेस उघडा, ते फुकट आहे. बोर्ड एडिटरमध्ये स्वतःला राजा आणि वजीर द्या, कॉम्प्युटरला राजा आणि हत्ती, पातळी सगळ्यात वरची. मग चाली मोजा. पन्नासच्या आत हत्ती मिळाला नाही तर लगेच उत्तर बघू नका. कुठे अडलं ते वहीत लिहा, स्थिती बदला, परत खेळा. उत्तरही तिथेच आहे बरं का: सात मोहऱ्यांपर्यंतच्या प्रत्येक स्थितीचा निकाल देणारे तक्ते २०१८ मध्ये पूर्ण झाले आणि तेही लीचेसवर फुकट बघता येतात. पण ते उघडायचे डाव संपल्यावर. आधी उघडलेत तर तुम्हाला फक्त उत्तर कळेल, खेळता येणार नाही.

वजीर-हत्ती जड वाटला तर आधी राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा घ्या, मग राजा आणि प्यादं विरुद्ध राजा. एक एंडगेम, दहा वेळा, पूर्ण ताकदीच्या विरोधकासमोर. दहा एंडगेम एकेकदा बघण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

या आठवड्यात करून बघा, आणि किती चालींत हत्ती मिळाला ते मला कळवा. ५० व्या चालीला मिळाला तरी चालेल, ब्राउनच्या पंगतीत बसाल! भेटू पुढच्या भागात.