पाठीमागे नाव नाही

फोटो हातात आला की मी आधी तो उलटा करतो. चेहरा नंतर. ही सवय बाजाराने लावली.

मांद्र्याहून शापोरा नदी ओलांडून बार्देशात उतरले की जुन्यापान्या वस्तूंसाठी दोन वार धरायचे: म्हापशाचा शुक्रवार आणि हणजुण्याचा बुधवार. म्हापशाचा बाजार मिरची-मिठाचा, मातीच्या भांड्यांचा. तिथे जुने काही मिळालेच तर एखाद्या कोपऱ्यात. हणजुण्याचा बाजार हिप्पींनी १९७०च्या दशकात उभा केला. त्याचे श्रेय बहुतेक जण येर्टवर्ड मझमानियन या अमेरिकनाला देतात. किनाऱ्यावर तो 'एट फिंगर एडी' म्हणूनच ओळखला जाई. पैसे संपले की ही मंडळी आपलेच कपडे, घड्याळे, कॅमेरे चादरीवर मांडून बसत. म्हणजे विकणारा हाच वस्तूचा धनी होता. विचारले तर वस्तूची हकीकत तो सांगू शकत होता.

आज जुन्या फोटोंची पेटी पुढे सरकवणाऱ्याला ते शक्य नाही. त्याच्यापर्यंत माल दोन-तीन हात बदलून येतो. वारसांची वाटणी होते, वास्तू विकली जाते, घर रिकामे करायला माणसे लावतात. सागवानी चौकटीला गिऱ्हाईक असते, बेल्जियमच्या आरशाला असते. आतला आजोबा चौकटीबरोबर फुकट येतो. मग किनाऱ्यावरच्या एखाद्या कॅफेच्या भिंतीवर कुणाचे तरी वाडवडील ओळीने टांगलेले दिसतात, खाली पास्ता खाणारी माणसे बसलेली असतात. मला ते पाहून राग येत नाही. पण फोटो उलटा करून पाहता येत नाही, म्हणून हात मात्र शिवशिवतात.

कारण पाठीमागे बरेच काही असते. स्टुडिओचा शिक्का असला तर पत्ता मिळतो, आणि पत्त्यातले शहराचे नाव कधी कधी तारखेचे काम करते. शिक्क्यावर 'नोव्हा गोवा' असेल तर फोटो पोर्तुगीज अमदानीतला. पणजीला हे अधिकृत नाव १८४३ साली मिळाले. 'लोरेन्सो मार्किस' असेल तर घरातले कोणीतरी मोझांबिकला गेले होते आणि फोटो १९७६च्या आधीचा, कारण त्या साली त्या शहराचे मापुतो झाले. कागदही बोलतो. पातळ, पिवळसर, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला छापा बहुधा अंड्याच्या बलकाबाहेरच्या पांढऱ्यात घोळवलेल्या कागदावरचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. काळ्या भागात आरशासारखी चंदेरी झाक आली असेल तर तो नंतरचा, जिलेटिनचा. त्या जुन्या कागदावर फोटो मोठा करायची सोय नव्हती. काचेवर कागद ठेवून उन्हात छापायचे, म्हणून छापा जेवढा तेवढीच काच. त्यामुळे पट्टी लावून माप घेणे हाही पुरावाच.

आणि हस्ताक्षर असले तर? इथेच खरी पंचाईत होते. आपल्या घरांत फोटोच्या पाठीवर जे लिहितात ते घरातल्यांसाठी लिहितात. 'भाऊ.' 'सौ. माई.' 'चि. बाळ, पहिला वाढदिवस.' लिहिणाऱ्याला आडनाव लिहायची गरजच वाटत नाही. स्वतःच्या भावाचे आडनाव कोण लिहील? बाईच्या बाबतीत तर माहेरचे नाव लग्नात गेलेले, सासरचे 'सौ.'च्या पुढे न लिहिलेले. पेटी घराबाहेर पडली की त्या दोन अक्षरांचा अर्थ तिथेच, उंबरठ्याच्या आत, राहून जातो.

'भाऊ' एवढीच खूण असलेला एक माणूस मात्र इतिहासात टिकला आणि तो मांद्र्याचा.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे खरे नाव रामकृष्ण. वडील विठ्ठल, घरात त्यांना दाजी म्हणत. म्हणजे 'भाऊ दाजी' ही दोन्ही घरातल्या हाकेची नावे. इंग्रजी नियतकालिकांत त्यांचे लेख याच नावाने छापले गेले. लाड हे आडनाव तिथे सहसा दिसत नाही. चरित्रांत जन्मगावाचे नाव कुठे मांजरे, कुठे मांजरी, कुठे मांद्रे असे येते. जन्मसाल काही ठिकाणी १८२२, काही ठिकाणी १८२४. एवढ्या गाजलेल्या माणसाच्या बाबतीत ही गत. मांद्रे ज्यात येते तो पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला, त्यानंतर साडेतीन दशकांच्या आतबाहेरचा हा जन्म. पुढे कुटुंब मुंबईला गेले. लहानग्या भाऊचे बुद्धिबळातले कौशल्य एका इंग्रजाने पाहिले आणि मुलाला इंग्रजी शिकवा असे वडिलांना सुचवले, अशी कथा चरित्रकार सांगतात. थोरांच्या बालपणी असा एखादा इंग्रज हटकून भेटतो, तेव्हा ती कथा आपण कथेच्या जागी ठेवावी. कागदावर पक्के आहे ते एवढे: एल्फिन्स्टनमधले शिक्षण, मग ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजींचे नाव.

डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, मुलींच्या शाळांना पैसे देणारे, दोनदा मुंबईचे शेरीफ, हे सगळे अनेकांना माहीत असते. फोटोग्राफीचे माहीत नसते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भारतातली ही पहिली. कलकत्त्याची तिच्यानंतर दोन वर्षांनी. या सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत भाऊ दाजी होते. आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी, तेही ग्रँट मेडिकलमधले डॉक्टर, नुसते सभासद न राहता हाताने फोटो काढत होते. मांद्र्यातून मुंबईला गेलेल्या एका घरातल्या माणसाचे नाव भारतातल्या पहिल्या पिढीच्या फोटोग्राफरांत आहे, हे मांद्र्यात किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

नारायण दाजींचे फोटो आपल्यापर्यंत पोचले ते एका मासिकामुळे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' नावाचे मासिक काढले. शाईने फोटो छापायची कला अजून व्यवहारात यायची होती, म्हणून प्रत्येक अंकात खरेखुरे छापे चिकटवलेले असत. म्हणजे जितक्या प्रती तितक्या वेळा काच उन्हात धरायची. त्यात मुंबईतल्या इमारती होत्या, देखावे होते, आणि माणसे होती: जातींची, धंद्यांची, पंथांची. नारायण दाजींनी काढलेली माणसेही त्यांत आहेत.

त्या फोटोंसाठी बसलेल्यांना काय करावे लागले ते तंत्रावरून सांगता येते. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो चांदीच्या द्रावात बुडवायचा, आणि ओला असतानाच फोटो काढून लगेच धुवायचा. थर वाळला की काच वाया. मुंबईच्या उकाड्यात हाती वेळ थोडा. तोवर समोरच्याने हलायचे नाही. हलला तो पुसट झाला. आज आपण त्या चेहऱ्यांवर करारीपणा वाचतो, उदासपणा वाचतो. निम्म्या वेळा तो न हलण्याचा ताण असणार.

फोटो काढणाऱ्याचे नाव टिकले. 'नरैन दाजी', 'नारायन दाजी', इंग्रजी वर्णलेखनाच्या सगळ्या कसरतींसह टिकले. समोर बसलेल्यांचे टिकले नाही. खालच्या ओळीत जात असते, धंदा असतो, प्रांत असतो. फोटो काढणारा डॉक्टर मराठी, बसणारे मुंबईचे; त्यांना एकमेकांची भाषा येत असणार. 'नाव काय बाबा तुझे?' हे विचारायला काही अडचण नव्हती. विचारलेही असेल. पण छापताना ते लागत नव्हते. मासिकाच्या गिऱ्हाइकाला गोविंदा नको होता, 'मराठा' हवा होता.

मला वाटते, बाजारातल्या निनावी फोटोंबद्दल हळहळताना आपण एक गोष्ट विसरतो. तिथे नाव वाटेत हरवलेले असते. कधीतरी, कुणाला तरी ते माहीत होते. या अल्बमातल्या माणसांचे नाव हरवले नाही, ते पहिल्याच दिवशी गाळले गेले. पुढे जॉन्सनने 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक काढले. पहिला खंड १८६३चा, दुसरा १८६६चा. त्याने तर पार्श्वभूमीही उरू दिली नाही. स्टुडिओत काढलेली माणसे कापून दुसऱ्याच देखाव्यावर बसवली आणि त्या जोडकामाचा फोटो केला. देवळासमोर उभी दिसणारी मंडळी त्या देवळासमोर कधी उभी नव्हती. नंतर सरकारनेच 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा उद्योग केला, १८६८ ते १८७५. तोवर ही पद्धत रुळली होती.

आता याच घरातली दुसरी खोली पाहा. धाकट्या भावाच्या फोटोंतली माणसे नावाविना छापली जात होती आणि त्यानंतरच्या काही वर्षांत थोरला भाऊ दगडांवरून नावे काढत होता. गिरनारच्या शिळेवरचा क्षत्रप रुद्रदामन्, त्याच शिळेवरचा स्कंदगुप्ताचा लेख, अजिंठ्याच्या लेण्यांतली पुसट अक्षरे. भाऊ दाजींचा आग्रह एकच होता: आधीच्यांनी काढलेल्या नकलेवर विसंबायचे नाही, मूळ पाहायचे किंवा भरवशाच्या माणसाकडून पुन्हा ठसा घ्यायचा. जुनागडचा तरुण भगवानलाल इंद्रजी त्यांना त्यातूनच मिळाला. १८६०च्या सुमारापासून भाऊ दाजींच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७४पर्यंत, तो त्यांच्यासाठी देशभर हिंडून लेख उतरवून आणत राहिला. हस्तलिखितांच्या बाबतीतही तोच शिरस्ता. आर्यभटाच्या नावावर खपणारे ग्रंथ कोणते खरे, कोणते दुसऱ्याचे, याचा उलगडा त्यांनी मूळ पोथ्या मिळवून केला आणि १८६५ साली तो लेख छापला. पोथीची शेवटची ओळ, जिथे नक्कल करणारा आपले नाव, गाव, शक लिहितो, ती अशा कामात सगळ्यात मोलाची. फोटोची पाठ ती हीच.

दोघा भावांत विसंगती होती असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. राजाचे नाव दगडावर कोरलेले होते म्हणून वाचता आले. मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसाचे कुणी कोरलेच नाही. आणि नारायण दाजींनी काही टिपण ठेवले असेल तरी मासिकाने ते छापले नाही. आपण दोष देताना संपादकाला विसरू नये.

१८६५च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात भाऊ दाजींची कमाई गेली. ३१ मे १८७४ रोजी ते वारले. त्यांची हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीकडे आहेत. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी ते झटले त्याला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले. नीट जागी पडलेल्या माणसाचे कागद असे सांभाळले जातात. गोव्याचेही तसे दफ्तर आहे: पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ची, पहिला रखवालदार दियोगु दु कोतु. विसाव्या शतकात तिथे पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातले कागद उजेडात आणले. सरकारने सरकारला लिहिलेले कागद असे चारशे वर्षे राहतात. घराने घराला लिहिलेले चार अक्षरी टिपण मात्र शुक्रवार-बुधवारच्या बाजारात येते.

कधी मनात येते, त्या मासिकाची एखादी प्रत वाळवीने खाल्ली, पाने सुटी झाली, खालची ओळ कुणी कातरली, आणि तो पिवळसर छापा कुठल्या तरी पेटीत इतरांच्या आजोबांमध्ये जाऊन पडला, तर ओळखू येईल का? कागदावरून काळ कळेल. मापावरून काच कळेल. काढणारा मांद्र्याच्या घरातला होता, हे कळायला दुसरी प्रत शेजारी ठेवावी लागेल. त्या सुट्या छाप्याची आणि खालची ओळ शाबूत असलेल्या छाप्याची, माणसापुरती बोलायचे तर, माहिती सारखीच असेल.

घेतलेल्या फोटोच्या पाठीवर मी मऊ पेन्सिलीने लिहून ठेवतो. शाई कधीच नाही, ती पुढच्या बाजूला उतरते. विकणारा हसतो. 'तुमच्यातले कोण?' म्हणून विचारतो. कोणीच नाही म्हटले की पैसे कमी करायला तयार होतो. लिहिण्यासारखे फार नसतेच. जे पक्के तेवढे. दोन बायका, एक मूल, खुर्ची स्टुडिओतली. शिक्का नाही. ओळख नाही. हणजुणे, बुधवार.