सफोक

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एक काउंटी. उत्तरेस नॉर्फक, पश्चिमेस केंब्रिजशर, दक्षिणेस एसेक्स, पूर्वेस उत्तर समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ३,८०० चौ. किमी.; मुख्य ठिकाण इप्सविच. प्रदेश सखल आणि शेतीचा. बांधकामाचा चांगला दगड इथे नाही, त्यामुळे जुन्या चर्चच्या भिंतीही चकमकीच्या गोट्यांनी रचलेल्या. स्टोनहेंजसारखे लांबून नजरेत भरणारे अवशेष इथे शोधू नयेत. सफोकचा प्राचीन इतिहास वाळूत आणि चिकणमातीत पुरलेला आहे, आणि तो वर काढण्यात मजूर, नांगरे व हौशी माणसे यांचा वाटा पंडितांपेक्षा उणा नाही.

हॉक्सन येथील विटांच्या मातीच्या खाणीत मजुरांना चकमकीच्या दगडाची घडीव हत्यारे सापडत. ती टोपल्या भरभरून शेजारच्या रस्त्यावरच्या चाकोऱ्या बुजवायला टाकली जात. जॉन फ्रिअर या जमीनदाराने ती निरखली. सुमारे बारा फूट खोलीवरची ही हत्यारे धातू ठाऊक नसलेल्या, कल्पनेपलीकडच्या प्राचीन माणसांची असावीत, असे त्याने १७९७ मध्ये लंडनच्या पुराणवस्तू संशोधकांच्या मंडळाला कळवले. मंडळाने आभार मानले, १८०० मध्ये पत्र छापले आणि विषय तिथेच राहिला. त्याचे महत्त्व १८५९ मध्ये उमगले. आज या थराचे वय सुमारे चार लाख वर्षे मानतात. पेकफील्डच्या किनाऱ्यावरची हत्यारे त्याहून जुनी, सुमारे सात लाख वर्षांपूर्वीची आहेत.

हॉक्सनलाच १९९२ मध्ये एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधताना धातुशोधक यंत्राला रोमन काळाच्या अखेरीस पुरलेला ठेवा लागला: सोन्याचांदीची सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने, चमचे आणि मिरपूड ठेवण्याची चांदीची चार पात्रे. त्यांतले एक उच्चकुलीन स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या घाटाचे आहे. मिरी त्या काळी भारताच्या मलबार किनाऱ्यावरून रोमन जगात जाई. हातोडीही सापडली, तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मिल्डनहॉलचा रोमन चांदीचा ठेवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नांगराच्या फाळाला लागला होता.

सर्वांत गाजलेले स्थळ सटन हू. वुडब्रिजसमोर, डेबेन नदीच्या पैलतीरावर दफनाच्या टेकाडांचा समूह आहे. जमिनीच्या मालकीण एडिथ प्रेटी यांनी १९३८ मध्ये बेसिल ब्राउन याला खोदकामास नेमले. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा बाराव्या वर्षी सुटलेली, बाकी सारे ज्ञान स्वकष्टाचे. १९३९ मध्ये सर्वांत मोठ्या टेकाडात त्याला लोखंडी रिव्हेट दिसले. त्याने ते उपटले नाहीत. जागच्या जागी ठेवून त्यांच्या रांगेच्या धोरणाने वाळू हलकेच काढत नेली. आम्लधर्मी वाळूत लाकूड पार कुजले होते, तरी २७ मी. लांबीच्या जहाजाचा ठसा साबूत उभा राहिला. ही नजर आणि हा संयम हेच ब्राउनचे खरे कर्तृत्व. दफनकक्षाचे काम मात्र केंब्रिजच्या चार्ल्स फिलिप्स यांच्या हाती गेले. शिरस्त्राण, ढाल, बायझंटाइन चांदीची भांडी, तामड्यांनी मढवलेले सोन्याचे अलंकार आणि ३७ नाण्यांची थैली बाहेर आली. ही समाधी पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड (मृ. सु. ६२४) याची असावी, असे बहुतेकांचे मत आहे. कायद्याने ठेवा प्रेटीबाईंचा ठरला. त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. लगेच युद्ध पेटले आणि तो लंडनच्या भुयारी रेल्वेत दडवावा लागला.

मध्ययुगात बरी सेंट एडमंड्सचा मठ आणि लॅव्हनमचा लोकरी कापडाचा व्यापार भरभराटले. डनिच बंदर १२८६ पासूनच्या वादळांनी समुद्राने गिळले. गाव जवळजवळ उरले नसतानाही १८३२ पर्यंत तिथून पार्लमेंटवर दोन सभासद निवडून जात.

पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांनी १८६३ मध्ये एल्व्हडन येथील जमीनदारी घेतली. त्यांची कबरही तिथेच आहे. त्यांचे पुत्र फ्रेडरिक यांना स्थानिक इतिहासाचा मोठा नाद होता. सीमेपलीकडच्या थेटफर्ड गावाला त्यांनी एक जुने घर संग्रहालयासाठी दिले.