आहेराची वही

७ मे १८७४ रोजी हडपसरात एक लग्न लागलं. नवरदेव ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे, नवरी काशीबाई पर्वतीच्या शिंद्यांची. भटजी नव्हता. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढून आठ महिनेही झाले नव्हते आणि या पद्धतीचं हे दुसरंच लग्न. पहिलं त्याआधीच्या २५ डिसेंबरचं. त्यात खर्च म्हणावा तर पानसुपारीचा तेवढा झाला होता.

ही हकिकत नेहमी मंत्र कोणी म्हटले, कोणी म्हटले नाहीत, या अंगाने सांगतात. मला तिचं जमाखर्चाचं अंग जास्त महत्त्वाचं वाटतं. आहेराची कुळकथा सांगायला हडपसरचं हे लग्न फार सोयीचं आहे, कारण लग्नातल्या पैशाचे दोन प्रवाह इथे ठरवून वेगळे केले गेले.

एक प्रवाह वर चढणारा. मराठेशाहीत लग्नावर लग्नटका असे, पाट लावला तर पाटदाम. पाटलाचा मान वेगळा, देशमुखाचा वेगळा. गावजोशाची दक्षिणा तर वतनच होतं. यजमानाने त्याला बोलावलं नाही तरी हक्काचे पैसे मागायला तो कोर्टाची पायरी चढे. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीविना लग्न लावलं तेव्हा असाच दावा झाला आणि तो थेट मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. ही सक्ती कायद्याने सुटायला १९२६ साल उजाडलं. मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी त्यासाठी विधेयक आणलं होतं. वर चढलेला पैसा परत खाली येत नसे, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रवाह आडवा: भावकीतून सोयऱ्यांकडे, सोयऱ्यांकडून भावकीत. तो आहेर. फुल्यांनी पहिल्याला कात्री लावली, दुसऱ्याच्या वाटेला गेले नाहीत. मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती, म्हणजे हडपसरचं शेजारच. लगीनसराईत शेतकऱ्याच्या घरी पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती.

त्या हडपसरच्या लग्नानंतर वर्षभराने, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं साहेबलोकांत आणि पांढरपेशांत सर्रास बोललं जाई. दंग्यांच्या चौकशीला नेमलेल्या आयोगाने मात्र नोंदवलं की कर्ज फुगतं ते पोटाला, बियाण्याला, बैलाला आणि सरकारी साऱ्याला पुन्हापुन्हा घेतलेल्या बारीक रकमांनी. अधूनमधून होणाऱ्या लग्नाने तेवढं नाही. असं का, याचं एक उत्तर माझ्या मते आहेरात आहे. लग्न हा एकच मोठा खर्च असा होता ज्याला सावकाराखेरीज दुसरा धनको मिळे. दहा-वीस वर्षं दुसऱ्यांच्या मांडवात थोडं थोडं घातलेलं आपल्या मांडवात एकदम परत येई, आणि व्याज बसत नसे. भिशीच म्हणायची ही. फक्त नंबर चिठ्ठीने लागत नाही, पोरीच्या वयाने लागतो.

भिशी म्हटली की हिशेब आला. मांडवाच्या तोंडाशी सतरंजीवर किंवा टेबलावर एक माणूस बसे, अक्षर बरं असलेला. शाळामास्तर, सोसायटीचा सेक्रेटरी, नाहीतर कॉलेजात जाणारा पुतण्या. पुढ्यात पत्र्याचा डबा आणि वही. पहिल्या पानावर वर श्री, खाली वधूवरांची नावं आणि तिथी. मग रकाने: नाव, गाव, रोख, कापड. मांजरी, फुरसुंगी, मुंढवा, उरुळी, लोणी. एकाच गावात एकाच नावाचे तिघे असले तर पुढे कंसात वस्तीचं नाव किंवा सरळ टोपणनाव. ‘कापड’च्या रकान्यात लुगडं, खण, धोतर, टॉवेल-टोपी. शेजारी स्पीकरवाला असेल तर आकडा पुकारलाही जाई, आणि मग पाचाचे अकरा कसे होतात ते बघण्यासारखं असे. लग्न उलगल्यावर वही कपाटात जाई आणि पुढची पंचवीस वर्षं कुठलीही पत्रिका आली की आधी ती बाहेर निघे. “त्यांनी आपल्याला काय केलंवतं बघ गं जरा.” घेतलं तेवढं तरी द्यायचं, जमल्यास वर चार घालून. अगदी नेमकं तेवढंच परत करणं म्हणजे खातं मिटवणं. हे न बोलता सगळ्यांना कळतं.

आपल्यापुरतंच हे नाही. पंजाबात लग्नातल्या अशा देण्याला नेउता म्हणत, त्याची वहीही अशीच चाले. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईकडे ‘मोय विरुंदु’ म्हणून मेजवानीच घालतात. तिला लग्नाचंही निमित्त लागत नाही, जेवायला या आणि मागचं फेडून जा, असा रोखठोक कारभार. जपानी लोक लग्नाला विषम आकड्याच्या नोटा देतात, कारण समसमान भाग पडणारी रक्कम अशुभ.

आपण विषम आकड्याच्या भानगडीत पडलो नाही, ‘वर एक’च्या पडलो. त्याआधी सव्वा होता. सव्वा रुपया म्हणजे एक रुपया चार आणे, पूर्ण होऊन थोडं पुढे गेलेलं. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि चार आण्यांचे २५ पैसे झाले. पावली नाव तरीही टिकलं, पण महागाईने तिला खाल्लं, आणि ३० जून २०११ पासून २५ पैसे चलनातूनच गेले. वरची पावली गेली, वरचा रुपया राहिला. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. आता पाकीटवाले कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवूनच पाकीट विकतात. पाचशेची नोट आत सरकवली की काम झालं. शून्यावर संपू नये ही भावना छापखान्याने परस्पर सांभाळली.

कापडाचा आहेर रोखीपुढे हरला, त्याला कारण टॉवेल-टोपीच. तीच टोपी हडपसरहून फुरसुंगीला, तिथून थेऊरला आणि दोन सरायांनी मूळ मालकाकडे, घडी न मोडता. चलनाला जे गुण लागतात ते सगळे तिच्यात होते, डोक्यावर बसण्याचा सोडून. मग लोकांनी विचार केला असेल की चलनच हवं तर नोट काय वाईट?

या सगळ्यात सरकारने एक मजेदार गोष्ट केली. हुंडाबंदीच्या १९६१ च्या कायद्याने न मागता दिलेल्या भेटींना मुभा ठेवली, आणि १९८५ च्या नियमांनी त्यांची यादी करणं बंधनकारक केलं: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचं नाव काय, नातं काय, आणि खाली वधूवरांची सही. म्हणजे मांडवातली वहीच! मास्तर जे लिहीत होते त्यात नात्याचा रकाना आणि सही तेवढी वाढली. प्राप्तिकरवाल्यांनीही २००४ पासून भेटीदाखल मिळालेल्या पैशावर कर बसवताना लग्नातला आहेर सोडून दिला. देणारा नात्यातला असो की नसो. गंमत अशी की कायद्याने वही मागितली आणि लोकांनी ती ठेवणं सोडत आणलं.

हडपसरात ती का सुटली हे सोलापूर रस्त्याने चालत गेलं तरी कळतं. मुठेच्या उजव्या कालव्यावरची भाजीपाल्याची रानं इमारतींखाली गेली. मगरपट्ट्यात २००० च्या सुमारास सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या वर एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी उभारली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग वाटून घेतले. भावकीने मिळून भांडवल उभं करण्याची सवय नसती तर हे झालं असतं का, असा मला प्रश्न पडतो. पण ज्यांच्या हातात जमिनीचा पैसा आला त्यांना एक्कावन्न रुपयांची भिशी कशाला लागेल? पत्रिकेच्या तळाशी ओळ आली: ‘कृपया आहेर आणू नयेत, आपली उपस्थिती हाच आहेर.’ वाचायला ही नम्रता वाटते. ज्याच्या वहीत या घरचे अकरा रुपये १९८८ पासून मांडलेले आहेत त्याने काय करायचं? त्याला फेडायचंय, आणि यजमान पैसे घेत नाही. उलट लॉन्सवर फेटे, शाल-श्रीफळ आणि माइकवरून नगरसेवक, आमदार, ‘आत्ताच आपल्यात आगमन झालेले’ सन्माननीय. मुहूर्त टळला तरी चालेल, नाव राहता कामा नये. म्हणजे आडवा प्रवाह आटला आणि १८७४ ला ज्याला कात्री लागली होती तो वर चढणारा दुसऱ्या दाराने आत आला. सौदा काही बरा झालेला नाही.

आटला म्हणतो, पण सगळीकडे नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या त्या तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. पाकिटात घालायला चालणारी नोट नाही, अशी पंचाईत झाल्यावर चेक आले, मग मोबाइलवरून पैसे. आता काही मांडवांत पाकिटांच्या डब्याशेजारी क्यूआर कोड उभा असतो. आयटीतला मित्र अमेरिकेहून येऊ शकत नाही, तो घरबसल्या पाठवतो. आकडा बोटाने टाइप करायचा, तरी ५०१ च करतो, ५०० नाही. खाली शेऱ्यात ‘आहेर’ असं लिहितो. नाव, तारीख, रक्कम बँकेच्या उताऱ्यात आपोआप उतरते. गावाचा रकाना मात्र त्यात नाही, त्यामुळे एकाच नावाच्या तिघांपैकी हा कुठला, ते सासूबाईंना विचारावं लागतं.