‘मेटास्टेसिस’ : एक संज्ञा आणि तिचा अपुरेपणा

पॅरिसचे वैद्य जोसेफ रेकामिए यांनी १८२९ साली कर्करोगाच्या उपचारांवरील आपल्या ग्रंथात, स्तनाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूत आढळलेल्या गाठीविषयी लिहिले. कर्करोगाच्या प्रसाराला ‘मेटास्टेसिस’ ही संज्ञा याच ग्रंथापासून लाभली.

शब्द मात्र जुना होता. ग्रीक ‘मेता’ म्हणजे पालट व ‘स्तासिस’ म्हणजे स्थिती. हा दुसरा घटक संस्कृत ‘स्था’ धातूचा सगोत्र होय. प्राचीन ग्रीक वैद्यकात रोगाने एक स्थान सोडून दुसरे धरणे, असा त्याचा अर्थ होता. कर्करोगात असे घडत नाही. स्तनातील गाठ जागीच वाढत असते आणि तिच्याच पेशींपासून मेंदूत दुसरी गाठ उगवते. तेव्हा ही संज्ञा प्रारंभापासूनच वस्तुस्थितीला अपुरी होती, असे म्हणणे प्राप्त आहे. मराठीत ‘स्थानांतर’ म्हटल्यास तोच दोष जसाच्या तसा उतरतो. ‘प्रसार’ हा साधा शब्द त्यापेक्षा बरा.

संज्ञेला जे साधले नाही ते एका रूपकाने साधले. इंग्रज शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. यकृतात गाठी २४१ जणींच्या. प्लीहेत अवघ्या १७ जणींच्या. प्लीहेला रक्त कमी मिळते असे नाही. केवळ रक्तप्रवाहावर सारे अवलंबून असते, तर एवढी तफावत पडती ना. बी सर्वत्र वाहून जाते, परंतु अनुकूल जमिनीतच रुजते, हा पॅजेट यांचा निष्कर्ष. पुढे १९२८ मध्ये जेम्स युइंग यांनी प्रवाहाच्या रचनेवरच भर दिला आणि बीज-भूमीची कल्पना काही दशके मागे पडली.

मेंदूची भूमी तर विलक्षणच. रक्तात सोडलेला रंग इतर अवयवांत पसरतो, मेंदूत नाही, हे पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये नोंदविले होते. रक्त व मेंदू यांमधील हा बांध कर्कपेशी ओलांडतात, औषधे मात्र बरीचशी अडतात. ‘हर-टू’ प्रथिनाचे आधिक्य असलेल्या आक्रमक स्तनकर्करोगावर ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णांचे आयुर्मान वाढले. परंतु हा मोठा रेणू मेंदूत पुरेसा पोहोचत नसल्याने, इतरत्र रोग आटोक्यात असलेल्या स्त्रियांत मेंदूतील गाठी ठळकपणे नजरेस येऊ लागल्या. अशा रुग्णांना औषधांच्या चाचण्यांतून बहुधा वगळले जाई. २०२० मध्ये मान्यता पावलेल्या टुकाटिनिब या लहान रेणूच्या चाचणीत त्यांना मुद्दाम सामावून घेण्यात आले, आणि त्यांनाही लाभ झाल्याचे आढळले.