लोणारचा खार

जालना एमआयडीसीत माझं काम बॉयलरचं पाणी तपासायचं. लोखंड गंजू नये म्हणून त्या पाण्याचा पीएच साडेदहा-अकराच्या आसपास ठेवावा लागतो, त्यासाठी मोजून मापून रसायनं घालावी लागतात. मंठ्यावरून बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला उतरलं की जवळपास तेवढाच पीएच एका अख्ख्या सरोवरानं हजारो वर्षं आपला आपण सांभाळलेला दिसतो. त्या पाण्याबद्दल मला म्हणूनच फार आदर आहे.

उल्केच्या आघातानं काळ्या पाषाणात पडलेलं हे सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी आत येतं, बाहेर वाहून जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन जातं, खार मागं राहतो. उन्हाळ्यात काठ उघडा पडला की पांढरी पापडी धरते.

या खारावर इथं पिढ्यान्‌पिढ्या धंदा चालला. काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. खाराच्या जातींना नावं होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. निजामानं 1853 साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, त्यात लोणारही गेलं. आपलं जालना निजामाकडंच राहिलं. 1912 साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी सरोवरावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. ख्रिस्ती रसायनतज्ज्ञ होते. खाराला मोल होतं, तोवर पाण्याकडं असं बारकाईनं पाहिलं जाई, असं मला वाटतं.

पुढं कारखान्यांचा स्वस्त सोडा आला आणि हा धंदा बसला. गाव वाढत गेलं, सांडपाणी उतारानं खाली जाऊ लागलं. आपण एरवी गोड्या पाण्याची राखण करतो. लोणारला मात्र जादा गोडं पाणी हीसुद्धा भेसळच आहे. त्यानं क्षार पातळ होतो, वर सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस येतात आणि या पाण्यातच जगणारे सूक्ष्मजीव अडचणीत येतात.

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं नमुने नेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कारण स्पष्ट झालं: या वेळी उलट पाणी आटून क्षार वाढला आणि खारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा जाहीर झाला.

दर्जा कागदावर आहे, राखण आपल्यालाच करायची आहे. लोणारला याल तेव्हा झऱ्याच्या धारेवर साबण लावू नका, सरोवरात निर्माल्य टाकू नका. आणि गावाचं सांडपाणी थेंबभरही खाली उतरू नये, ही मागणी बुलढाणेकरांइतकीच आपण जालनेकरांनीही लावून धरायला हवी.